बांबू ओला नव्हता

उस्ताद, तुम्ही गेल्याचं मला गडचिरोलीच्या बस स्टँडवर कळलं. मी भजी खात होतो, ती मी संपवली. खाणीतला जुना फिटर भेटला होता, तो म्हणाला, म्हातारा गेला. मी म्हटलं, बरं झालं, सुटला. लोक असं रीत म्हणून बोलतात, मी मनापासून बोललो. त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. मी स्वतः म्हातारा झालो, दुकान मुलाच्या हाती दिलं, तरी दुपारी डोळा लागला की तुमचं ते पत्र्याचं शेड दिसतं आणि जागा झालो की तोंड कडू झालेलं असतं. म्हटलं, एकदाचं लिहून टाकू.

चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. खाणीच्या पॉवर हाउसला लागून तुमचं मोटर दुरुस्तीचं शेड, आणि माझा बाप मला घेऊन त्याच्या दारात उभा आहे. आम्ही बुरूड, घरात पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या आणि सुपं विणण्याचं काम. बापानं तुमच्यासाठी नवंकोरं सूप आणलंय. ‘उस्ताद, पोराले तुमच्या हवाली करून राह्यलो,’ तो म्हणतो. ‘मारा, झोडा, पण वायंडिंग शिकवा. माह्यासारख्या टोपल्या इनायची पाळी नाई आली पायजे त्याच्यावर.’ तुम्ही सुपावरून बोट फिरवता. माझ्याकडे बघतही नाही. ‘बांबू चांगला तासता न तुम्ही लोकं?’ एवढंच विचारता. बापाला ते कौतुक वाटलं. तो रस्ताभर खूश होता, आणि खरं तर मीही होतो.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला. जळालेल्या मोटरमधली जुनी तार काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, नव्या कॉईली भरायच्या आणि तार बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक खाचेच्या तोंडावर बांबूची पाचर सरकवायची. मग सगळ्या कॉईलींची टोकं एकमेकांना जोडायची. ही शेवटची जोडणी म्हणजेच सगळी विद्या. ती जमली तर वायंडर, नाही जमली तर हमाल. मला तुम्ही पाचरा तासायला बसवलं आणि तिथून उठूच दिलं नाही. मीही जीव ओतून तासल्या. जवसाच्या तेलात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या, एक टोक बाप करायचा तसं निमुळतं करायचं. जोडणीची वेळ आली की तुमची हाक यायची, ‘ए पोट्ट्या, जा, पाणी आण.’ मडकं काठोकाठ भरलेलं असायचं. मी ते बाहेर ओतून पुन्हा भरून आणायचो, तोवर सगळ्या टोकांवर पट्टी गुंडाळून झालेली असायची. एकदा दाराशी रेंगाळलो, तर तुम्ही हातातली पक्कड फेकून मारली होती. दिवाळीला माझ्याबरोबर लागलेल्या पोराला तुम्ही पेचकस दिलात आणि मला चाकू. चाकू चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. पण तो हातात घेताना माझी मान खाली गेली, आणि तुम्ही हसत होता.

मग तो पावसाळा. खाणीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली, खाली पाणी चढतंय, खाणीचा साहेब शेडमध्ये येऊन आरडाओरडा करतोय, आणि तुम्ही तापानं घरी पडलेले. बघून बघून भरणं तेवढं आलं होतं, सगळ्या कॉईली मी भरल्या. पाचरा बसवल्या. टोकं तेवढी मोकळी राहिली. मी धावत तुमच्या घरी आलो. तुमच्या घरच्या बाई चुलीवर तुमच्यासाठी पेज शिजवत होत्या, मी नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर. ‘उस्ताद, फक्त जोडणी सांगा, मी करतो,’ म्हणालो. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, ‘बुरडाच्या पोरानं बांबू तासावा.’ बाईंना राहवलं नाही. ‘सांगून टाका न जी त्याले, तुमच्यानं उठणं तरी होऊन राह्यलं काय?’ तुम्ही त्यांच्यावर असे डोळे वटारले की त्या मुकाट्यानं चुलीकडे वळल्या. घोंगडी पांघरून, बैलगाडीत बसून तुम्ही शेडवर आलात, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलंत आणि दार लावून घेतलंत. आत तुमचे दात वाजत होते, ते बाहेर ऐकू येत होतं. एवढा ताप, तरी दार लावायला तुम्ही विसरला नाहीत.

मोटर चालू केली तशी ती फिरायच्या ऐवजी नुसती गुरगुरली आणि बघता बघता धुरानं शेड भरलं. जोडणी चुकली होती. तापात कुणाचीही चुकली असती, मी त्याचा राग धरला नसता. पण साहेबानं विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ‘बांबू ओला होता, साहेब. पोट्ट्यानं ओलाच बसवला.’ पाचरेची ओल तारेत उतरली की मोटर जळते, म्हणून सगळं खापर माझ्या बांबूवर. मी तुमच्याकडे बघत राहिलो आणि तुम्ही घोंगडी सावरत राहिलात. साहेबानं मला तिथल्या तिथे काढलं. घरी आलो तर बापानं मारलं नाही, ओरडला नाही, फक्त म्हणाला, ‘ओला होता काय रे?’ मी म्हटलं, ‘नाई बाबा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बांबू आणि कोयता माझ्यापुढे आणून ठेवला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला तो मरेपर्यंत कळलं नाही. नोकरी गेली त्यापेक्षा हे जास्त लागलं, उस्ताद. हे मी तुम्हाला कधीच माफ केलेलं नाही.

पुढे नागपूरला एका मिस्त्रीनं मला ती जोडणी शिकवली, चहा पिता पिता, विडीच्या बंडलाच्या कागदावर. दुपार संपायच्या आत आली. ‘इतकंच?’ मी विचारलं. तो हसला, ‘और क्या?’ मी बाहेर जाऊन रडलो. एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही मला मडकी भरायला लावलीत.

गडचिरोलीत दुकान टाकलं. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट. एका भातगिरणीच्या मालकानं खाणीच्या भंगारातून घेतलेली मोटर भरायला आणली. तडा गेलेला पाय आणि त्यावरची लोखंडी पट्टी बघून मी ओळखली, तीच आपली पंपाची मोटर. उघडली. तार काळी पडलेली, पण पाचरा शाबूत. त्यांचं एक टोक निमुळतं. माझ्याच होत्या. मला काढल्यावर तुम्ही ती मोटर पुन्हा भरलीत, आणि साहेबासमोर ओल्या ठरलेल्या पाचरा एकेक करून सोडवून जपून परत बसवल्यात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बाप असता तर मी एक पाचर त्याच्या हातात ठेवली असती.

या पत्राला पत्ता नाही आणि मी ते टाकणारही नाही. फक्त एवढं सांगतो. पाचरा तासायला तुमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं म्हणून तुम्ही त्या ठेवल्यात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मोटर भरताना सारखं वाटत होतं, चांगल्या होत्या म्हणून ठेवल्या असतील. अजून वाटतं.