तपासणीची गरज नाही

आई, तुझ्या नातीला जर्मनीत नोकरी लागली आहे. काल तिने करार छापून आणला आणि माझ्यापुढे टाकला. "बाबा, तू वाच ना एकदा. तुला असलं बोअर वाचायची सवय आहे." सवय आहे हे खरंच. इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो आहे, म्हणजे समोरचा कंटाळलेला असताना वाचत राहण्याचाच पगार घेतो आहे. मी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, आणि बोरीवलीच्या या चौथ्या मजल्यावर, जिथे श्रावणाखेरीज इतर महिन्यांतही शेजाऱ्यांना मासळी चालत नाही, मला मांदेलीचा वास आला.

तू मोरीपाशी विळी घेऊन बसली आहेस. घाटकोपरची आपली खोली, सकाळचे अकरा. बाबा बाहेर गॅलरीत स्टुलावर बसून कालचंच वर्तमानपत्र वाचताहेत. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली आहेत आणि ताजं वर्तमानपत्र वाचायची त्यांना घाई उरलेली नाही. मी पाटावर बसलो आहे. हातात चार पानी करार, आखातातल्या एका बांधकाम कंपनीचा, पद स्टोअरकीपर, मुदत दोन वर्षं. अंधेरीच्या एजंटच्या ऑफिसात आदल्या दिवशीच सही करून आलो आहे. कॉलेजात एकेका श्लोकावर तीन-तीन टीका वाचणारा मी, चार पानांवर मात्र न वाचता सही केली होती. एजंट म्हणाला होता, "साहेब, सगळ्यांचा सेमच असतो." पगाराचा आकडा तेवढा वाचला होता. तो बरोबर होता.

शिवाय माझ्या पासपोर्टवर तो शिक्का होता. तुला तो दाखवताना मी केवढा फुगलो होतो! एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड. कमी शिकलेला माणूस आखातात मजुरीला निघाला तर त्याला आधी सरकारी कचेरीत जावं लागायचं. तिथला अधिकारी त्याचा करार बघायचा, पगार, राहणं, तिकीट यांची चौकशी करायचा आणि मगच जाऊ द्यायचा. पदवीधराला यातून सूट. तो शिकलेला आहे, आपलं आपण बघेल, अशी सरकारची समजूत. बी.ए.ला संस्कृत घेतल्यावर साऱ्या चाळीने विचारलं होतं की याचा उपयोग काय. त्याचा माझ्या आयुष्यातला पहिला उपयोग हा, की वाळवंटात जाताना मला कोणी काही विचारणार नव्हतं. तपासणीची गरज नाही.

गरज नाही हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू चौथी पास. तीन घरं सोडून राहणारा फिटर नुकताच आखातातून परत आला होता, एक टू-इन-वन आणि अर्ध्या वर्षाचा बुडालेला पगार घेऊन. सारी चाळ त्याच्याकडे गाणी ऐकायला जायची. तू गेलीस प्रश्न विचारायला. नळावर, जिन्यात, त्याच्या दारात, चार दिवस त्या माणसाला तू सोडलं नाहीस. तोच मला म्हणाला, "तुझी आई वकील आहे यार. माझी वाट कशी लागली ते माझ्या बायकोने पण एवढं खोदून विचारलं नाही."

आणि मग मला पाटावर बसवून, मांदेलीची डोकी उडवत, तू म्हणालीस, "वाच. मराठीत वाच."

मी वाचू लागलो. रुबाबात. प्रत्येक कलमाचा अर्थ लावून सांगत होतो, जणू समोर वर्ग बसला आहे. तू ऐकून घेत होतीस. मध्येच विळी थांबली.

"पासपोर्ट कोणाकडे ऱ्हवतलो?"

"कंपनी सांभाळून ठेवणार. तसं लिहिलंय."

"कोणापासून सांभाळतले? तुझ्यापासून?"

मी हसलो. आज तो प्रश्न मुलांना फळ्यावर लिहून द्यावासा वाटतो. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं म्हणजे काय, हे एका वाक्यात इतकं नेमकं सांगणारा भाष्यकार मला पुढे कुठल्याच भाषेत भेटला नाही. मग तू विचारलंस, व्हिसावर काम कुठलं लिहिलंय. फिटर शेतमजुराच्या व्हिसावर गेला होता, त्यामुळे तिथल्या कायद्याला तो फिटर म्हणून दिसतच नव्हता. पगार बुडाला तेव्हा तक्रार करायला गेला, तर तिथल्या माणसाने त्याला शेत कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, व्हिसा अरबीत आहे. करारही अर्धा अरबीत आहे, आणि इंग्रजी-अरबीत फरक पडला तर अरबी खरी धरायची, असं शेवटी लिहिलंय.

"तुका अरबी येता?"

"नाही."

"मगे सही खंयच्या भाषेत केलंस?"

गॅलरीतून बाबांचं वर्तमानपत्र हललं. ते हसत होते. मला राग आला. तेवीस वर्षांचा होतो, घरात कमावणारं कोणी नव्हतं, धाकटीची कॉलेजची फी तोंडावर आलेली, आणि ही बाई मासळी साफ करता करता माझी उलटतपासणी घेत होती. मी म्हटलं, "आई, तुला काय कळतं यातलं? उगाच त्याच्यासारखं माझंही होणार असं डोक्यात घेऊन बसलीयस." तू पुढची मांदेली उचललीस. परतीच्या तिकिटाचं विचारलंस. ते दोन वर्षं पुरी केली तर कंपनी देणार होती, आधी निघालो तर माझं मला. ते मी खरं सांगितलं. तू मान हलवलीस.

इथवरचे प्रश्न फिटरचे होते. पुढचा तुझा.

"माका काय झाला तर तुका येवक गावतला?"

करारात त्याबद्दल अक्षर नव्हतं. घरी कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, तर काय, याविषयी चार पानं गप्प होती. तसं सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. निदान मला तेव्हा असं वाटलं. मी म्हटलं, "येणार. तातडीची रजा देतात. लिहिलेलं आहे."

"खंय लिवलेला आसा? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. तिसऱ्या पानावर, मधोमध, जिथे पडलं तिथे. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस, जवळ येऊन वाकलीस आणि माझ्या बोटाखालच्या त्या इंग्रजी ओळीकडे बराच वेळ बघत राहिलीस.

"हय?"

"हो. इथेच."

"बरा," तू म्हणालीस. मग, "ह्याची झेरॉक्स काढ. एक माझ्याकडे ऱ्हवांदे." स्टेशनजवळच्या दुकानातून मी ती काढून आणली. तू देव्हाऱ्यातल्या लाल कपड्याखाली ठेवलीस, आणि मला वाटलं, सुटलो.

गर्भात असताना अर्धीच विद्या ऐकलेल्या त्या पोराची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. आत शिरायचं त्याला ठाऊक होतं, बाहेर पडायचं नव्हतं, कारण ऐन वेळी त्याची आई झोपली. तू टक्क जागी होतीस. तुला मी झोपवलं.

त्या देशातून बाहेर पडायलाही व्हिसा लागतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. येण्यासाठी एक, जाण्यासाठी एक, आणि जाण्याचा मागायचा असेल तर मालकाचं पत्र. पासपोर्ट कंपनीच्या माणसाने विमानतळावरच काढून घेतला होता, पावती न देता. तुझ्या फिटरने सांगितलं होतं तसंच सगळं. बाकी माझं वाईट चाललं नव्हतं. लोखंड मोजत होतो, सिमेंटच्या गोण्या मोजत होतो, तुला पत्रं लिहीत होतो, की इथे सगळं करारात लिहिल्याप्रमाणे आहे. तू धाकटीकडून उत्तर लिहवून घ्यायचीस आणि शेवटी स्वतःच्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरांत, एकच ओळ: पासपोर्ट मिळाला का?

दुसऱ्या वर्षी तार आली. आई सिरियस, ताबडतोब ये. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलं. कंपनीने अडवलं. मॅनेजरचं पत्र, मग दुसऱ्या शहरातल्या कचेरीचा शिक्का, मग सुट्टीचा वार, मग पासपोर्ट कपाटात आहे पण किल्लीवाला साइटवर आहे. आठ दिवस गेले. मी सहार विमानतळावर उतरलो त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू गेली होतीस. घरी पोचलो तेव्हा जमीन सारवल्यासारखी ओली होती, कोपऱ्यात पणती होती आणि बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इलंस?" एवढंच.

दहाव्यानंतर फिटर मला जिन्यात भेटला. खूप वेळ बिडी पेटवत राहिला. मग म्हणाला, "तुला एक सांगतो. शेवटचे चार-पाच दिवस काकी तो कागद उशाला घेऊन होती. जो येईल त्याला दाखवायची. कंपनीन लिवन दिलेला आसा, तो येतलो, म्हणायची. मला म्हणाली, तू वाच, तुला तिथलं इंग्लिश येतं. कुठे वाचायचं ते पण दाखवलं. तिने तिथे कुंकू लावून ठेवलं होतं."

त्याने आणखी एक काडी ओढली.

"भाऊ, बुटाचं होतं रे ते. वर्षाला दोन जोडी कपडे, एक जोडी बूट."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? म्हटलं, हो काकी, लिहिलंय. येणार तो." बिडी पेटली नव्हतीच. त्याने ती कानावर ठेवली. "तू माझ्यावर चिडू नको यार."

मी त्याच्यावर चिडणार होतो! खोटं माझं होतं. त्याने फक्त साक्ष दिली होती, आणि तीही मी दिली असती त्यापेक्षा जास्त दयेने. वर जाऊन मी लाल कपड्याखाली कोणीतरी परत ठेवलेला तो कागद काढला. तिसरं पान. नवी वही, नवं शिलाई मशीन, धाकटीचं दहावीचं हॉलतिकीट, जे जे म्हणून घरात विश्वासाने आलं त्याला तू अनामिकेने हळद-कुंकू लावायचीस. इथेही लावलं होतंस, ओळीच्या अगदी वर, जिथे माझं बोट होतं तिथे. बूट कंपनीने दिले होते, आई. त्या करारातलं तेवढं एक कलम त्यांनी अक्षरशः पाळलं. तेच बूट घालून मी आलो होतो.

परत गेलो नाही. बी.एड. केलं, मास्तर झालो. पुढे चाळीतली, मग सोसायटीतली पोरं बाहेरगावी निघाली की त्यांचे आईबाप कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले. रविवारी सकाळी वाचून देतो. काय लिहिलंय ते सांगतो, आणि काय लिहिलेलं नाही ते आधी सांगतो. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, व्हिसावरचं काम आणि करारातलं काम जुळतं का बघा, कागदाची एक प्रत घरी ठेवा. लोक म्हणतात, मास्तरांचा अभ्यास दांडगा आहे. तुझे चार प्रश्न आहेत, मी फक्त चष्मा लावून विचारतो.

काल नातीचा करारही तसाच वाचला. अठरा पानं. पासपोर्ट तिच्याकडेच राहणार, बरं झालं. व्हिसा याच कामाचा, बरं झालं. मग ती हसत म्हणाली, "आणि तुला काही झालं तर? मला पटकन येता येईल ना?" मी पुन्हा पानं चाळली. दोनदा. म्हटलं, "इथे लिहिलेलं नाही." माझा आवाज जरा चमत्कारिक झाला असावा, कारण तिने माझ्याकडे बघितलं. "अरे मग विचारूया ना त्यांना, त्यात काय?" तिने तिथल्या तिथे फोनवर चार ओळी लिहून पाठवल्या. आज दुपारी उत्तर आलं. रजा मिळते, इतके दिवस, लेखी. तिने मला ते दाखवलं आणि आंघोळीला निघून गेली. मी ते उत्तर छापून घेतलं, कुंकवाचा करंडा काढला, आणि लावलं नाही. तुझ्या सुनेने विचारलं असतं तर काय सांगणार होतो? म्हणून त्या कागदाशेजारी बसून तुला लिहितो आहे. लिहून झालं की हे तुझ्या झेरॉक्सच्या घडीत जाईल.

एक राहिलं. कंपनीने आठ दिवस लावले हे खरं आहे. पण तार हातात पडली त्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. करार काढून बसलो होतो. जे लिहिलेलंच नाही ते मागायचं कुठल्या आधारावर, असा विचार करत. तिसऱ्या दिवशी गेलो, आणि मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला तो हा, की तार तर परवाची आहे, तू इतका वेळ कुठे होतास?