दोन मार्क कापायचा नियम

सूनबाई,

आता असं म्हणायचा हक्क उरला नाही, पण तोंडाला तेच वळण आहे.

तू हे घर सोडून गेल्यापासून काल पहिल्यांदाच दुपारी शर्टांची काज-बटणं करता करता भुताचा सिनेमा लावला. भूत अगदीच मरतुकडं होतं. आपल्या अवकाशयानाच्या मालिकेतला तो ओल्या फडक्यासारखा परग्रहवासी तरी परवडला!

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आपण सिनेमांना दिलेले मार्क अजून आहेत. तू कायम माझ्यापेक्षा एक जास्त द्यायचीस आणि मी भांडायचे. एका नियमावर मात्र आपलं एकमत होतं. घरातल्या कुणी भूत पाहिलं आणि तरी गप्प बसलं, तर सिनेमाचे सरळ दोन मार्क कापायचे. "अगं बोल की! दातखीळ बसली का तुझी?" असं मी टीव्हीवर ओरडायचे आणि तू हसून लोळायचीस.

कालच्या सिनेमात म्हातारी आई दाराआडून सगळं बघते आणि कुणाला सांगत नाही. मी ओरडले नाही. सुई हातात तशीच राहिली.

त्या दिवशी मी झोपले नव्हते गं. स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. माझ्या मुलाने तुझ्यावर हात उचललेला मी पाहिला. तुझा भाऊ विचारायला आला, तेव्हा म्हणाले, "माझा डोळा लागला होता."

सिनेमाला सहा दिले होते, नियमाने चार केले. हे पत्र त्याच कॅलेंडरमागे ठेवतेय. म्हणजे अजूनही मी गप्पच आहे.

तू जिला आई म्हणायचीस, ती