कुलपाबाहेरचा पहारेकरी

सगळ्यात आधी आला पुतण्या, मागून त्याची बायको, फळांची पिशवी पुढे धरून. सहा वर्षांत ज्याला काकूच्या घराची वाट सापडली नाही, तो काल रविवारी येऊन म्हणतो, लॅपटॉप फार मंद झालाय म्हणे, बघू का? मंद झालाय हे त्याला सांगितलं कुणी? मी तर नाही. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते. मी कोट शिवणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा तिसरीपर्यंत, डोकं जागेवर. माझ्यावर कुणाचा दाब नाही. तसा दाब टाकणारा अजून जन्माला यायचाय.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मागच्या दाराची कडी वर उचलून लावावी, नाहीतर लागल्यासारखी दिसते, लागत नाही.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री नातीला. त्या कात्रीने कागद कापू नये.

३. लॅपटॉपही नातीलाच. त्यात माझे पन्नास वर्षांचे बेत, म्हणजे प्रत्येक कोटाची मापं नि कापणी, आहेत. कुणाचा खांदा पडका, कुणाच्या पाठीला कुबड, ते झाकायला अस्तरात कुठे काय भरलं, सगळं. गिऱ्हाइकांनी हे घरच्यांनाही सांगितलेलं नाही. पुतण्याला ते तयार कपड्यांच्या कारखान्यासाठी हवंय. सहा वर्षांपूर्वी त्याने दोनदा मागितलं, मी दोनदा चहा पाजला.

नातीने अख्खी डिस्क कुलूपबंद केली. पण ती म्हणाली, "आजी, पासवर्ड विचारणारा पहारेकरी, म्हणजे तो छोटा प्रोग्राम, कुलपाबाहेरच उभा असतो. त्यालाच कुणी बदललं, तर पासवर्ड तू आपणहून चोराच्या कानात सांगशील." म्हणून तो पहारेकरी आम्ही पेनड्राइव्हवर ठेवला. पेनड्राइव्ह लावल्याशिवाय पडदा काळाच. तो कुठे शिवून ठेवलाय ते नातीला ठाऊक. इथे लिहीत नाही, मृत्युपत्र सगळेच वाचतात. आणि लॅपटॉप चालू असताना कुलूप उघडंच असतं, तेव्हा उठताना बंद करूनच उठावं.

तर काल पुतण्या म्हणाला, "पासवर्ड नको, काकू." किल्ली न मागणारा दुरुस्तीवाला मी पहिल्यांदाच पाहिला. मी आत जाऊन बराच वेळ साखर शोधली. ते गेल्यावर बटण दाबलं, तर पेनड्राइव्ह न लावताच पासवर्डची चौकट हजर! म्हणजे पुतण्याने आपला पहारेकरी उभा केला होता, मी लिहीन ते टिपून घ्यायला. इतका आनंद झाला की नातीला फोनवर धड सांगता येईना. ती म्हणाली, हात लावू नकोस, मी येऊन पुसते. मी म्हटलं, "थांब गं. टिपलेलं न्यायला येतील ना ते, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" मग त्या चौकटीत इंग्रजी अक्षरं एकेक शोधून लिहिलं: बाळा, दोनदा मापावं.

४. पुतण्याला माझी मापाची टेप. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकला, कापण्याआधी एकदाही दुसऱ्यांदा मापलं नाही. काल तरी वेगळं काय केलं? टेपचे पहिले दोन इंच झिजलेत, ते सोडून मापावं.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही). शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही, शुद्धलेखन त्यांनीच तपासलं).

लिहून देणार: मी, कोटवाली आजी (सही).

स्थळ: शिलाई मशीनची खोली. सोमवार, ९ मार्च २०२६.

पाहुणे गुरुवारी दुपारी परत यायचं म्हणालेत.