कोपऱ्यावरचा उन्मेष

१२ सप्टेंबर

कोपऱ्यावर उन्मेषचा फ्लेक्स लागलाय. केवढा मोठा! दूध घेऊन येत होते, सहज मान वर केली आणि समोर हा — गॉगल लावून हसतोय. पिशव्या हातातून पडल्या. एक फुटली.

त्याच्या क्रिकेटच्या पोरांनी लावला. इथली रीतच आहे, माणूस गेला की गल्लीच्या तोंडाशी त्याचा फोटो. वर ‘कण्णीर अंजली’ म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली, दोन्ही बाजूंना समया, मागे ढग, खाली लावणाऱ्या पोरांचे चेहरे ओळीनं. वेलचेरीत पंचवीस वर्षं काढली, एवढं तमिळ मला वाचता येतं. जन्मतारखेवर ‘तोट्रम’, दुसऱ्या तारखेवर ‘मरैवु’. दिसला, दिसेनासा झाला. संपलं.

आपल्यात असं कोण करतं? आपण फोटोला हार घालतो, तो घरात, भिंतीवर. ह्या मुलांनी माझ्या पोराला भर रस्त्यात उभं केलंय! सव्विसाव्या वर्षी डेंग्यूनं गेलेलं पोर, त्याला गॉगल?

कालच तेरावा झाला.

१३ सप्टेंबर

ह्यांनीही पाहिला. त्याचीच भीती वाटते.

गल्लीत ह्यांना ‘कंप्लेंट सार’ म्हणतात. एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून रिटायर झाले तेव्हापासून हाच उद्योग. फलक दिसला की वाकून खालच्या कडेला परवानगीचा नंबर शोधायचा. नसला की फोटो काढायचा आणि कॉर्पोरेशनला फोन. पुढाऱ्याचा वाढदिवस असो की कुणाच्या पोरीचं लग्न, गय नाही. मी म्हणायचे, देवळात जावं त्या वयात हे बॅनर वाचत फिरतात!

उन्मेष चिडवायचा — “बाबा, माझ्या लग्नाचा बॅनर तरी सोडाल ना?”

“नंबर असेल तर.”

किती हसलो होतो तिघं.

१५ सप्टेंबर

राग कुठे गेला कोण जाणे. आज मी कोथिंबिरीच्या निमित्तानं दोनदा कोपऱ्यावर गेले. घरात जुडी होती.

१६ सप्टेंबर

त्याच्याशी बोलते मी. मनात. तोंड हलत असावं, कारण कोपऱ्यावरच्या फुलवालीनं, शशिकलानं, स्टूल दिलं बसायला. म्हणाली, “दिवसभर मी आहे ना अम्मा इथे, त्याच्याकडे बघते. तुम्ही जा, जेवा.” मी तिच्याकडून मोगरा घेतला. वाहायचा कुणाला? तसाच मुठीत धरून घरी आणला.

ह्यांना यातलं काही सांगत नाही.

१८ सप्टेंबर

कार्तिकेय आला. उन्मेषच्या टीमचा कॅप्टन, त्यानंच तो फ्लेक्स करून घेतला. बराच वेळ चपलांपाशीच उभा. मग हळूच — “आंटी, अंकल काही…?”

म्हटलं, “त्यांचं मी बघते. तू दोऱ्या घट्ट बांध, वारा सुटलाय.”

काय वेळ आली! पोरांनी माझ्या लेकासाठी रडायचं, तेही ह्यांना भीत भीत.

२० सप्टेंबर

पाहिलं मी आज. हे फ्लेक्सपाशी वाकले होते. खालच्या कडेला. हातात मोबाइल. मी रस्त्यापलीकडे, तशीच मागे फिरले.

जेवताना म्हटलं, “एवढा एक सोडा. माझ्यासाठी.”

हे भाताकडे बघत म्हणाले, “जे असेल ते नियमानं असावं, कुमुद.”

भात तसाच टाकून उठले. असू दे. मला दया आली नाही.

२३ सप्टेंबर

नेला.

शशिकलाची हाक ऐकून अनवाणी धावले. कॉर्पोरेशनची गाडी उभी, दोन माणसं वर चढलेली. दोऱ्या कापल्या. उन्मेष पुढे झुकला, आणि खाली आला. त्यांनी त्याची घडी घातली — बरोबर चेहऱ्यावरून! मी ओरडले, सावकाश रे! एकानं पाहिलं माझ्याकडे. मग जरा सावकाश घातली.

शेजारी एका पुढाऱ्याचा बॅनर, हात जोडून, दात काढून उभा. त्याला कुणी बोटही लावलं नाही. विचारलं तर म्हणे, “आर्डर, अम्मा. एवढा एकच सांगितलाय.”

एवढा एकच!

घरी येऊन विचारलं, “तुम्ही गेला होतात कॉर्पोरेशनच्या ऑफिसात?”

“हो.”

बस्स, हो.

२४ सप्टेंबर

बोलत नाही. ताट झाकून ठेवते.

२७ सप्टेंबर

कसला माणूस आहे हा! शशिकला परकी, तिनं स्टूल दिलं. पोरं परकी, त्यांनी वर्गणी काढली. आणि बापानं पोराला दोऱ्या कापून खाली उतरवलं. नियम म्हणे. पोरगं गेलं तेव्हा कुठला नियम होता?

तीस वर्षांच्या संसारात माणूस कळू नये? आज हे दारात उभे राहिले होते, काहीतरी बोलायचं होतं. मी नळ मोठा सोडला.

१ ऑक्टोबर

भाजीला आता मागच्या रस्त्यानं जाते. लांब पडतं. पडू दे.

३ ऑक्टोबर

कार्तिकेय येऊन गेला. हे डॉक्टरांकडे गेले होते. मी सरळ म्हटलं त्याला — तुमच्या अंकलनीच काढायला लावला. पोरगं चपला घालता घालता थांबलं. मग म्हणालं, “आंटी, अंकल कंप्लेंट पण्णवे इल्लै.”

तक्रार केलीच नव्हती! परवानगी मागायला गेले होते. तमिळमध्ये अर्ज लिहायला कार्तिकेयला घेऊन. ऑफिसर म्हणाला, असल्या फलकाकडे कोण बघतं सार, राहू द्या. ह्यांचं आपलं एकच — नाही, नियमानं द्या, वर्षभराची द्या, उद्या कुणी काढायला नको. लेखी अर्ज टेबलावर ठेवला. मग ऑफिसरला विचारावंच लागलं, आधीच लावलाय का? हे कुठले खोटं बोलतात! लावलाय म्हणाले. मग आधी तो उतरवणं भाग. आणि कोपऱ्यावर परवानगी मिळतच नाही.

वर्षभर कशाला, असंही विचारलं होतं त्यानं. हे म्हणाले, “माझी बायको रोज जाते तिथे.”

मला सांगायचं नाही म्हणून कार्तिकेयकडून वचन घेतलं होतं. मी ह्यांना चुगलखोर समजले, ते चाललं. आपल्याच हातानं घालवला, एवढं मात्र सांगवलं नाही.

येतीलच आता. आधी पाणी देते.