हवेचा माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

बोलून बसले! इतक्या वर्षांत शिक्षकांच्या बैठकीत तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते यासाठी. मोठ्या बाई म्हणत होत्या, गेल्या वर्षी क्रीडादिनाला पालक जांभया देत होते, निम्मे तर बक्षिसांच्या आधीच उठून गेले, यंदा काहीतरी जान आणा. सगळे खाली माना घालून बसलेले. आणि मी म्हटलं — हवेची सजावट करू या. नवीन दुकान उघडताना लावतात तशी. फाटकावर हवेची कमान, व्यासपीठाशेजारी मोठं अस्वल, आणि मैदानाच्या कडेला तो लांब हात उडवत नाचणारा हवेचा माणूस.

मोठ्या बाईंना इतकं आवडलं की सगळं माझ्याच गळ्यात पडलं. चित्रकलेचे सर म्हणाले, आज भागूबाईंना कंठ फुटला. शाळेत मला भित्री भागूबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. खोटं थोडंच आहे?

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. कमान कोसळली तर? अस्वल सुटून पहिलीच्या रांगेवर गेलं तर? ह्यांना सांगितलं तर हसत सुटले. म्हणाले, हवाच ती, पडून पडून कुणाच्या अंगावर किती पडणार? शाळेची व्हॅन चालवतात हे. भर रस्त्यात, मागे मुलांचा कालवा चाललेला असताना गाणी म्हणत चालवतात. भीती नावाची गोष्ट बहुतेक आमच्या घरात माझ्याच वाट्याला आली आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरच्या दुकानाचा फलक वाऱ्याने उडून गटारात पडला. आणि फलकाला तरी वजन असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

हवेची सजावट भाड्याने देणारा माणूस नमुना दाखवायला आला होता. आम्ही त्याला हवावालाच म्हणतो. त्याने मैदानात फक्त नाचरा लावला — नाचणाऱ्या माणसाला तो ‘नाचरा’ म्हणतो. खाली पंखा, वर कापडाची पिवळी नळी, तिला हात आणि हसरं तोंड. पंखा चालू केला की हा उठतो, थरथरतो, हातपाय झाडतो, कमरेत मोडतो, पुन्हा उठतो. पंखा बंद केला की जागच्या जागी कोसळतो. पहिलीची मुलं मैदानात आणलेली. सगळी किंचाळत नाचायला लागली.

माझी लेक टिकली नाचली नाही. ती पहिलीतच आहे. जागच्या जागी ताठ उभी होती, ओठ पांढरे पडलेले. हवावाल्याने पंखा बंद केला, नाचरा धाडकन खाली आला, आणि टिकलीचा फ्रॉक ओला झाला. सगळ्यांसमोर. मी धावले, उचलून घेतलं, तर माझ्या खांद्यावरून त्या कापडाच्या ढिगाकडेच बघत होती. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

घरी खोदून खोदून विचारलं. बाबा कुठे आहे, एवढंच विचारत राहिली. ह्यांना सांगितलं. वाटलं होतं थट्टा करतील, आईवर गेली म्हणतील. तर उठून व्हॅन पुसायला गेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टिकली झोपत नाही. गेले काही दिवस बघते आहे, उठून आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते. विचारलं तर म्हणते, पाणी हवं. पाणी दिलं तर पीत नाही. नाचऱ्याला घाबरली असं म्हणावं, तर हे त्याच्या आधीपासूनचं आहे. मग कशाला घाबरते आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

भीती घालवायची म्हणून जुन्या ओढणीचा नाचरा केला. टेबलफॅनसमोर धरला, हे बघ, नुसतं कापड! टिकलीने पंखा बंद केला. ओढणी खाली पडली तशी तिच्याजवळ बसली आणि हळूच विचारलं, पडला की त्याला दुखतं का?

मी म्हटलं, कापडाला कुठलं दुखायला. तर म्हणाली, तो म्हणतो दुखत नाही, पण दुखतं.

कोण म्हणतो?

तिने ओढणीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “शपथ आहे. आईला सांगायचं नाही.”

सहा वर्षांची पोर! तिला शपथ घालणारा कोण? आणि आईला सांगायचं नाही असं काय आहे? ओढणी तशीच फरशीवर पडली आहे. उचलायचंही सुचलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज प्रत्येक माणसाकडे बघत होते. चित्रकलेचे सर मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात. शिपाई खिशातून गोळ्या काढून देतो. हवावाल्याच्या हाताखालचा माणूस टिकलीकडे बघून हसला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा घाबरून दोरीचं बंडल टाकून पळाला. ती माणसं चांगली असतील. पण एक नसेल तर?

शपथेचं ह्यांना सांगितलं. व्हॅनमध्ये कोण तिच्याशी काय बोलतं जरा बघा म्हटलं. मान खाली घालूनच म्हणाले, मुलं काहीही बोलतात, मनावर घेऊ नकोस. एरवी तिला साधं खरचटलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस! कुणी घातली शपथ, एवढंही विचारलं नाही.

हे लिहिलेलं खोडावंसं वाटतं आहे. नको. आता झोपते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांच्याबद्दल असलं काही मनात आणलं याची लाज वाटते. आणलं, आणि जातही नाही. आज टिकली ह्यांचं बोट धरून मांडीवर बसली होती, म्हणजे भीती ह्यांची नाही. पण बोट सोडतच नव्हती. जेवतानाही नाही. व्हॅनमध्येसुद्धा मागे मैत्रिणींजवळ बसत नाही, पुढेच, ह्यांच्या शेजारी.

शाळेत दोऱ्यांवरून डोकं खाल्लं हवावाल्याचं. प्रत्येक दोरीला वाळूची पोती हवीत, खुंट्या खोल हव्यात. तो म्हणाला, बाई, मी लग्नाचे मांडव उभारलेत, एवढे प्रश्न नवरीच्या बापानेही विचारले नव्हते. सगळे हसले. मी पण हसले, आणि पोती वाढवून घेतली.

टिकलीला क्रीडादिनाला घरी ठेवावं, असं मोठ्या बाई स्वतःच म्हणाल्या. घरी येऊन तिला सांगितलं. तिने विचारलं, बाबा येणार का? मुलांना आणायचं आहे, येणारच. मग मी पण येणार, म्हणाली. ज्याला बघून फ्रॉक ओला झाला, तिथे जायचा हट्ट!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वारा नाही. पानही हलत नाही. तरी दर तासाला खिडकीतून बघून येते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाऱ्याला भीत होते मी. वाऱ्याला!

सकाळी कमान उभी राहिली तेव्हा पालक मोबाइल काढून उभे. अस्वलाशेजारी फोटो काढायला रांग. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. नाचरा मैदानाच्या टोकाला नाचत होता, टिकली माझ्या पदराला धरून त्याच्यावर नजर ठेवून होती. तिसरीची शर्यत चालू असताना वीज गेली. सगळे पंखे एकदम बंद. कमान बसली, अस्वल तोंडावर पडलं, मुलांच्या आनंदाला पारावार नाही. नाचरा झुकला, दोन आचके दिले आणि पडला.

पदर सुटला. टिकली धावत सुटली, थेट शर्यतीच्या रेघांमधून. नाचऱ्याजवळ गेली. अंगातला स्वेटर काढला, घडी केली, आणि ते कापडाचं डोकं उचलून त्याच्याखाली ठेवला. मग दोन्ही हातांनी ढकलून त्याला कुशीवर वळवलं. त्याचा चपटा हात हातात घेऊन बसली. मैदानभर हशा. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी पोहोचले तेव्हा ती त्याला सांगत होती, “झालं, झालं. आता उठशील. मी कुणाला बोलावलं नाही.”

हे कुणी पोर खेळात शिकत नाही. कुणीतरी शिकवलेलं आहे, आणि तिने केलेलं आहे.

मी मान वर केली. फाटकाशी, बसलेल्या कमानीच्या पलीकडे, हे व्हॅनजवळ उभे होते. मैदानात न हसणारा तो एकच माणूस. माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं. काळजात धस्स म्हणतात ते काय असतं ते आज कळलं. आजवर नुसतीच घाबरत होते.

घरी आल्यावर ह्यांनी सगळं सांगितलं. फिट येते. ह्यांना सुट्टीत पहिल्यांदा आली, मी माहेरी गेले होते तेव्हा, घरात ही दोघंच. त्यानंतर आणखी दोनदा. डॉक्टरकडे गेले नाहीत, डॉक्टर गाडी बंद करतील म्हणून. आधी डावा अंगठा आपोआप हलायला लागतो, मग थोडा वेळ मिळतो, म्हणाले. म्हणून टिकलीला पुढे बसवतात. तिने अंगठ्याकडे बघत राहायचं. हलला की सांगायचं, म्हणजे हे गाडी बाजूला घेतील.

मी विचारलं, आणि नाही घेता आली तर? मागे भरलेली व्हॅन असते.

“आजवर घेता आलीये ना,” म्हणाले.

आजवर! म्हणजे रस्त्यातही आली आहे. मी पुढे विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा होईपर्यंत थांब म्हणतात. वर्षाच्या मधे व्हॅन सोडली तर पुन्हा कुणी उभं करणार नाही. दुसरं काम येत नाही मला, म्हणाले, आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे रडताना कधी बघितले नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले आणि ‘बरं’ म्हणाले. हो, म्हणाले मी! लिहिताना माझा मलाच राग येतो आहे.

दुपारी दुसरीतल्या जुळ्यांच्या आईचा फोन आला. कालचा कार्यक्रम किती छान झाला, आणि तुमच्या मिस्टरांवर व्हॅनचं सोपवलं की आम्ही निर्धास्त असतो. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन उलटी केली.

ह्यांना दुखवायची भीती. शाळेची भीती. लोक काय म्हणतील याची भीती. आणि एवढ्याशा अंगठ्यावर लटकलेली ती सगळी मुलं. कुठल्या भीतीला आधी भ्यायचं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ह्यांनी किल्ली घेतली. टिकली दप्तर लावून दारात तयार. मी किल्ली मागितली. दिली नाही. उशीर होतोय, संध्याकाळी बोलू म्हणाले.

मी फोन उचलला आणि मोठ्या बाईंना लावला. ह्यांच्यासमोर, टिकलीसमोर. आवाज इतका कापत होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं. “ह्यांना फिट येते. व्हॅन येणार नाही. आजही नाही आणि पुढेही नाही.” बोलून होईपर्यंत हे मधे पडले नाहीत. मला वाटलं होतं फोन हिसकावतील. नुसते पायरीवर जाऊन बसले.

“संपवलंस मला,” एवढंच म्हणाले.

टिकलीने दप्तर काढलं आणि त्यांच्याशेजारी बसली. डोळे अंगठ्यावर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, गोळ्या दिल्या. नेमाने घेतल्या तर बहुतेक आटोक्यात राहील म्हणाले. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, म्हणाले. हे मान डोलावत होते. माझ्याशी बोलत नाहीत. ताट ठेवलं तर जेवतात, हाक मारली तर उठून जातात. शाळेत मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. जुळ्यांची आई फाटकात भेटली, काही न बोलता पुढे गेली. वळून आली आणि माझा हात धरून उभी राहिली.

हे मला माफ करतील की नाही, माहीत नाही. त्याचीही भीती वाटते. वाटू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी कणीक मळत होते. टिकली येऊन ओट्याशी उभी राहिली. आता बाबाकडे कोण बघणार, विचारलं. मी म्हटलं, मी बघणार. रोज? रोज. रात्री पण? रात्री पण.

“मग मी झोपू?”

अजून दिवे लागायचे होते. जेवणं व्हायची होती. झोप म्हटलं. तिथेच फरशीवर, माझ्या पायाला टेकून, झोपली.