नासपतीचा कोंब

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे राहायला कधी येणार, हे तू पाचव्यांदा विचारलंस. माझं उत्तरही पाचव्यांदा तेच: कोंब नाही! डॉक्टरांनी त्यांना थंडीत प्रवास करू नका म्हटलं, तेव्हा बाबांनीच ठरवलं की अंगणातल्या नासपतीला पहिला कोंब दिसला की थंडी गेली समजायचं आणि त्याच आठवड्यात निघायचं. मीही मान डोलावली. आता रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी मफलर गुंडाळून त्या बुटक्या झाडाची फांदी न् फांदी बघते. आजही बादलीत पाण्यावर बर्फाची चकती होती.

तुला गंमत वाटेल, पण मी रडकुंडीला आले आहे. परगावच्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेची जागा एक एप्रिलपर्यंतच माझ्यासाठी राखून ठेवली आहे. बाबांना हे सांगितलेलं नाही, सांगितलं तर तापातसुद्धा गाडीत बसतील. त्यांना एकटं टाकता येत नाही आणि हा मेला हिवाळा जागचा हलत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तर लवकर लिहून दाखव.

तुझी,
बबडी

११ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

झाड म्हणजे काय वेधशाळा आहे? आमच्याकडे रस्ताभर पालवी फुटली. तू एकदा चष्मा पुसून बघ. लहानपणी समोरची सुई तुला दिसायची नाही, कोंब काय दिसणार!

थट्टा पुरे. खालची खोली रंगवून झाली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. वहिनी रोज विचारते आणि मी रोज तोंडघशी पडतो. बेकरी सोडून मला येता येत नाही, नाहीतर उचलूनच नेलं असतं. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुम्हा दोघांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
दादा

२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा पुसला. थंडीही गेली. समोरच्या औषधवाल्याची नासपती हिरवीगार झाली आणि आपली ठार बोडकी! शेवटी परवा बागेतल्या माळीबुवांना बोलावलं. त्यांनी नखाने साल खरवडून झाड ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि प्रत्येक काडीवर कोंब खुडल्याची खूण दाखवली. मी तडक आत गेले. बाबांच्या कोटाच्या खिशात घड्याळं दुरुस्त करायचा त्यांचा चिमटा होता आणि मूठभर सुकलेले कोंब. मी शाळेत गेले की त्यांचा हाच उद्योग.

मी भडकले. माझी जागा जाणार, तुम्ही मला महिनाभर वेड्यात काढलंत, असं तोंडाला येईल ते बोलले. जागेचं ऐकून ते खालीच बसले. मग म्हणाले, की तुझ्याकडे काही कमी पडणार नाही, पण तिथे ते पाहुणे होऊन राहतील. त्यांना हे घर सोडायचं नाही. तू खोली रंगवलीस, आता नाही कसं म्हणायचं, म्हणून जीभ रेटत नव्हती. खूप राग आला होता रे, पण त्यांच्यापेक्षा आपल्या दोघांचा जास्त. आपण दोघांनी त्यांना कधी येणार तेवढंच विचारलं, यायचं आहे का हे नाही.

आज सकाळी उठते तर ते कोट घालून, ट्रंक भरून दारात उभे. मला हाताला धरून झाडापाशी नेलं. खालच्या फांदीवर त्यांनी एक कोंब न खुडता ठेवला होता. निघू या म्हणाले.

मी तो कोंब खुडला.

दादा, बाबा येणार नाहीत. एक तारखेच्या आत तू ये, निदान महिनाभर राहा, पुढचं तिघं मिळून ठरवू. मला जायचं आहे. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, पण बेकरीची सबबही सांगू नकोस.

तुझी,
बबडी