सौसरच्या मांडवापर्यंत

६ जानेवारी २०२५

दहा मीटर चालायला मला एकतीस सेकंद लागतात. आज घड्याळ लावून मोजलं त्यांनी. तेवढ्या वेळात पूर्वी मी दोन बायांशी भांडून मोकळी व्हायची.

नागपूरची माणसं पांढुर्ण्याच्या समाजभवनात आली आहेत — लकवा झालेल्यांना परत चालतं कसं करायचं, याचं संशोधन. बारा-चौदा आठवडे चालणार. फरशीवर दोन पट्ट्या चिकटवल्यात. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चाला म्हणाले. चालले. उजवा पाय ओढत, पण चालले.

त्यांची मुख्य तृप्ती मॅडम. पोरगीच आहे, तिशीची असेल. फॉर्म भरताना विचारते, "काकू, चालता आलं की आधी कुठं जायचं आहे?" तसा रकानाच आहे. माझ्या आधीच्या बाईनं जामसावळीचा मारुती सांगितला. मी म्हटलं, भाच्याच्या लग्नाला, सौसरला, वीस एप्रिलला. "किती छान," म्हणाली आणि लिहून घेतलं.

छान काही नाही त्यात. डाव्या हातानं लिहून हात दुखला. बस आता.

९ जानेवारी

लिहूनच टाकते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

गेल्या मे महिन्यात हिरामणच्या पोरीचं, हिमानीचं, लग्न होतं सौसरला. हिरामण माझा धाकटा भाऊ. सकाळचं मला धड आठवत नाही. अकराच्या सुमाराला अर्धं अंग गेलं. पुढचं मात्र सगळं आठवतं. मागच्या खोलीत गादीवर पडले होते, वर पंखा, जीभ हलत नव्हती. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. मग हिरामणचा आवाज, "पाहुण्यायले बसवा पहिले, बाकी मंग पाहू." मग बँड.

चार तास! मी ओरडत होते, पण आवाज निघत नव्हता. तीनला कडी निघाली, दारात हिरामणच उभा. नागपूरला पोचेस्तोवर साडेपाच वाजले. डॉक्टर म्हणाला, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आता उशीर झाला.

बहीण पडली तर पडली, पण लग्नात विघ्न नको. घर त्याचं, पोर त्याची, कडी त्याची. विचारायचं काय राहिलं?

वीस एप्रिलला त्याच्या पंकजचं लग्न आहे. सगळे नातेवाईक येतील. मी माझ्या पायानं मांडवात जाणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. खुर्चीत बसून नाही. खुर्चीतल्या बाईची लोक कीव करतात, ऐकत नाहीत.

१४ जानेवारी

पाकीट फोडून गट ठरवतात. मला ठोक्याचा गट आला. मोबाईल टक-टक वाजतो, प्रत्येक टकेला एक पाऊल टाकायचं. दुसऱ्या गटाला नुसता व्यायाम. घरीही रोज अर्धा तास. कमरेला रुंद पट्टा, तो मागून आमचे हे धरतात. मोतीराम. नगरपालिकेतून रिटायर झाले, तेव्हापासून माझेच पाय त्यांची नोकरी.

२ फेब्रुवारी

टक-टक डोक्यात शिरत नाही. तृप्ती मॅडम म्हणते, मन लावा. मन लावायला ती काय पोथी आहे?

११ फेब्रुवारी

जमलं! मोबाईलची बॅटरी गेली होती. हे म्हणाले, "चाल घरी, राहू दे आज." मी कशी राहू देते? मनातलंच वाक्य पुटपुटायला लागले, मांडवात म्हणायचं आहे तेच.

हिरामण — तू मला — चार तास — कोंडलं.

चार तुकडे, चार पावलं. परत पहिल्यापासून. उजवा पाय "तू मला"वर पडतो आणि "कोंडलं"वर. कोंडलंवर असा पडतो की घसटतच नाही, उचलून आपटतो. गल्लीच्या टोकापर्यंत गेले न थांबता. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मागून हे म्हणाले, "जरा हळू बोल न. लोक ऐकून राहिले."

ऐकू दे.

१९ फेब्रुवारी

ह्यांचा स्वभाव भित्रा. आज पायाला तेल लावता लावता म्हणाले, "काऊन मनात धरून ठेवतं? झालं ते झालं. त्यालेही वाईट वाटतच असंल." मी म्हटलं, तुम्ही मधात पडू नका, माझा भाऊ आहे.

पण माणूस म्हणून ह्यांना नावं ठेवायला जागा नाही. एक दिवस चुकवला नाही. गल्लीतल्या बाया म्हणतात, असा नवरा मिळायला नशीब लागतं. लागत असेल.

५ मार्च

दहा मीटर, तेवीस सेकंद. तृप्ती मॅडमनं दोनदा मोजलं. मग हळूच विचारते, "काकू, ओठ हलतात तुमचे. कोणता जप करता?"

मी म्हटलं, बुद्धवंदना.

तिला इतका आनंद झाला की वरच्या सरांना फोन केला. ठोक्यापेक्षा स्वतःच्या प्रार्थनेवर रुग्ण जास्त चांगलं चालतो, असं काहीतरी नोंदवलं. दुसऱ्यांनाही सांगते आहे — आपापली प्रार्थना म्हणून बघा. मागे ह्यांना खोकल्याची उबळ आली.

भगवंताचं नाव घेऊन खोटं बोलले, ते वाईट झालं. बाकी संशोधन फसलं तर फसू दे. राग हा काही फॉर्ममध्ये रकाना नाही.

१६ मार्च

हिरामण आला होता पत्रिका घेऊन. सोबत संत्र्यांची थैली. दर महिन्याला आणतो, दर महिन्याला मी शेजारच्या बकऱ्यांना घालते. बकऱ्या चांगल्या सुटल्या आहेत.

"बाई, येशील न?" म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. मग दोघं अंगणात गेले, बराच वेळ काही बोलत होते. हे परत आले तेव्हा तोंड उतरलेलं. रदबदली करायला लावली असेल ह्यांना. ह्यांची माझ्यासमोर बोलायची छाती नाही, म्हणून तोंड उतरलं.

पत्रिका उशीखाली ठेवली आहे.

२९ मार्च

खरं लिहायचं तर आज मन डगमगलं. पंकजचा फोन होता. "आत्या, तू आली तर पहिल्या रांगेत बसवतो तुले." लहानपणी माझ्याच मांडीवर वाढला तो. मुलीकडची माणसं मुलताईची, कडक आहेत म्हणे. मांडवात मी बोलले तर काय होईल, कोणास ठाऊक.

पंकजचा काय दोष? काही नाही. माझ्या उजव्या पायाचा काय होता?

हिमानीच्या साक्षगंधातही मी जेवणावरून व्याह्यांना चार शब्द सुनावले होते, ते खरं आहे. माझं तोंड फटकळ. म्हणून काय माणसाला कोंडायचं?

१२ एप्रिल

शेवटची मोजणी. एकोणीस सेकंद. काठी डाव्या हातात, पट्टा नुसता नावाला. तृप्ती मॅडमनं पेढा दिला. म्हणाली, "आता लग्नात नाचा काकू."

नाचणारच आहे.

१९ एप्रिल

पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. हे जेवले नाहीत. "तब्येत बरी नाई, नको जाऊ आपण," म्हणतात. मी म्हटलं, तुम्ही राहा घरी, मी ऑटो करून जाते. मग मुकाट्यानं पट्टा पिशवीत टाकला.

२० एप्रिल

झालं. सौसरहून परत आलो.

रस्त्यापासून मंचापर्यंत हिरवा गालिचा. तब्बल सत्तर पावलं. मी काठी टेकत निघाले, मागे हे. मनात वाक्य चालूच. अर्ध्यात आले तशी लोकं उठून उभी राहिली. टाळ्या वाजवायला लागली! कोणी म्हणे, "भाच्यासाठी चालून आली, पाहा." माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. पण थांबले नाही.

बौद्धाचार्यांनी स्वतःच माईक दिला. "आत्याबाई आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील."

बोलले. हिरामण, तू मला चार तास कोंडलं. लग्नात विघ्न नको म्हणून कडी घातली, आणि माझं अर्धं अंग त्या खोलीत मेलं. सगळ्यांनी ऐकून ठेवा, हा असा भाऊ आहे. एकही शब्द अडखळला नाही.

हिरामण मंचाच्या पायरीवर उभा होता. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मग हात जोडले. "हो बाई. चुकलं माझं." एवढंच. मुलीचा बाप उठून आपल्या माणसांत गेला, बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी लग्न लागलं, पण त्यांच्याकडची अर्धी माणसं न जेवता गेली. पंकजनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जेवले. बुंदी दोनदा घेतली. वर्षभरात इतकी भूक लागली नव्हती.

येताना ऑटोत ह्यांनी पट्टा गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

२१ एप्रिल

लीलाबाईचे पाच फोन. हिरामणची बायको. उचलले नाहीत. ओरडत बसू दे तिला.

२३ एप्रिल

उचलला. भांडायच्या तयारीनंच उचलला.

भांडली नाही ती. म्हणाली, "बाई, कडी मोतीराम भाऊजींनी लावली होती. तुमचं तोंड वाकडं झालतं, काहीबाही बोलून राहिल्या होत्या. त्यायले वाटलं, तुम्ही रागानं करून राहिल्या, पुन्हा व्याह्यायपुढं तमाशा कराल. आम्ही विचारलं तं म्हणे झोपली हाय. तीनले भाऊजींनी खरं सांगतलं, तसे हे पळत गेले कडी काढाले. मी ह्यायले कितीक डाव म्हटलं, सांगून टाका. तं म्हणे, तिले धरून चालवणारा तोच एक हाय. त्याचं नाव घेतलं तं बाई उभीच नाही राहणार."

मोतीरामला विचारलं. तो माझ्या पायाला तेल लावत होता. मान वर केली नाही. लावतच राहिला.

मी पाय ओढून घेतला.

उद्या सकाळच्या बसनं सौसरला जाते. एकटी. बसच्या पायऱ्या उंच असतात, पडले तर पडले. हिरामणच्या दारात जायचं आहे. मोतीरामचं काय करायचं ते आल्यावर बघते.